फ्रेमची पट्टी निवडताना: घाट, माप आणि हिशेब

फ्रेमच्या दुकानात गिऱ्हाईक आले की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणती पट्टी लावू?" गिऱ्हाइकाचे उत्तरही बहुधा ठरलेलेच असते, "भाई, जरा चांगली दिसेल अशी लावा." या 'चांगली दिसेल'चा अर्थ आपले पुष्कळसे दुकानदार बंधू भिंतीवर टांगलेली सर्वांत रुंद, सर्वांत चकचकीत आणि वेलबुट्टीने भरलेली सोनेरी पट्टी असा लावतात. गिऱ्हाईक ती फ्रेम घरी नेते, दिवाणखान्यात लावते, आणि आल्यागेल्याची नजर आतल्या चित्राऐवजी बाहेरच्या सोन्यावर अडकते. दुकानदाराला मात्र समाधान असते की महागाची पट्टी खपली, म्हणजे नफा झाला. हा नफा खरोखर झाला की नाही, ते या लेखात आम्ही आकडे मांडून पाहणार आहोत.

विषय लहान वाटेल, पण ज्यांचे घर या धंद्यावर चालते त्यांच्यासाठी तो लहान नाही. मुंबईच्या महंमद अली रोड-भेंडी बाजारापासून तालुक्याच्या गावातील मशिदीजवळच्या गल्लीपर्यंत आयती, तुघरे, मक्का-मदिनेची छायाचित्रे, लग्नाचे फोटो आणि शाळेची प्रशस्तिपत्रे मढवून देणारे कारागीर आपल्यात आहेत. त्यांच्यावर आज दोन्ही बाजूंनी ताण आहे. घरातले बहुतेक फोटो मोबाईलमध्येच राहतात, ते छापून मढवण्यापर्यंत येतच नाहीत. जे येतात त्यांच्यासाठी ठराविक मापाच्या तयार फ्रेमा मॉलमध्ये आणि घरबसल्या मागवून मिळतात, आणि त्या भावात गल्लीतला कारागीर त्यांची बरोबरी करू शकत नाही. पण तयार फ्रेम विकणारा गिऱ्हाइकाचे चित्र पाहत नाही, त्याची भिंत विचारत नाही आणि त्या चित्राला शोभेल असा घाट निवडून देत नाही. हे काम गल्लीतलाच माणूस करू शकतो, आणि आमच्या मते त्याची मजुरी त्याला मिळते ती याच कामाची.

पट्टीचे अंग ओळखा

पट्टी समोरून पाहून निवडू नये. तिचे टोक कापून, कापलेल्या बाजूने पाहावे. तिथे जो आकार दिसतो तोच तिचा घाट, ज्याला आता सगळे प्रोफाइल म्हणतात. त्यात चार गोष्टी पाहायच्या. समोर दिसणारी रुंदी म्हणजे चेहरा. भिंतीपासून पुढे येणारी जाडी म्हणजे उंची. मागे आतल्या कडेला जी पायरी असते, जिच्यात काच आणि चित्र बसते, ती खाच. आपले कारागीर तिला रिबेटही म्हणतात. आणि त्या खाचेवर पुढून येणारी, चित्राची कडा झाकणारी पातळ बाजू म्हणजे ओठ. तो बहुधा पाव इंचाचा असतो.

चेहऱ्यावरची वळणे शेकडो दिसली तरी मुळात दोनच आहेत, बाहेर फुगलेले आणि आत गेलेले. जुन्या सुतारांच्या बोलण्यात ते गोला आणि गलता. या दोहोंना सपाट भाग आणि पायऱ्या जोडून बाकीचे सर्व घाट तयार होतात. पट्टीवर वेल, मणी, पाने कितीही असोत, आधी त्यांच्याखालचे वळण ओळखावे. कारण डोळ्यावर परिणाम होतो तो मुख्यतः त्या वळणाचा.

ज्या पट्टीची बाहेरची कड उंच आणि आतली कड खाली असते, मध्ये गलत्यासारखा खोलगटपणा असतो, ती पाहणाऱ्याची नजर आत नेते. खिडकीतून बाहेर पाहावे तसे चित्र खोल भासते. डोंगर, नदी, रस्ता, मशिदीचे प्रांगण, हरमचे वरून घेतलेले छायाचित्र, अशा ज्या चित्रांत स्वतःची खोली आहे त्यांना हा घाट मानवतो. याच्या उलट घाटात आतली कड उंच असते आणि पट्टी भिंतीकडे उतरत जाते. ती चित्राला पुढे ढकलते. माणसाचा चेहरा, एखादे फळाफुलांचे चित्र, ठळक अक्षर यांना ती बरी. साधी सपाट पट्टी यातले काहीच करत नाही. ती फक्त हद्द आखते, आणि पुष्कळदा तेवढेच हवे असते. इंग्रजी एस अक्षरासारखे दुहेरी वळण असलेली पट्टी दिसायला भारदस्त असते, पण तिच्या वळणावर उजेड आणि सावली दोन्ही पडत असल्याने ती कमी जागेत जास्त गडबड करते. लहान चित्राला ती टाळावी. अर्धगोल पट्टी स्वस्त, मजबूत आणि पुसायला सोपी असते. शाळा, दवाखाने, कचेऱ्या यांच्या घाऊक कामाला तिच्यासारखी दुसरी नाही.

इथे एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात. बाहेरची कड जितकी उंच तितकी तिची सावली चित्रावर पडते. ज्या घरात ट्यूबलाइट फ्रेमच्या वरच्या अंगाला भिंतीवर लावलेली असते, तिथे खोल गलत्याच्या पट्टीची सावली चित्राच्या वरच्या भागावर पट्ट्यासारखी पडते आणि नेमकी वरची ओळ अंधारात जाते. म्हणून फ्रेम कुठे लागणार आणि दिवा कुठे आहे, हे विचारून घ्यावे. विचारायला काही पैसे पडत नाहीत.

घाटाचा विचार ही नवी हौस नव्हे. इटलीत जुन्या काळी दोन कडांमध्ये सपाट पट्टा अशी साधी चौकट चाले. तिचे नाव कासेत्ता, म्हणजे छोटी पेटी. सतराव्या शतकात हॉलंडच्या कारागिरांनी काळ्या लाकडावर बारीक लाटा कोरून फ्रेमा केल्या. त्यांत सोने नाही, रंग नाही, फक्त लाटांवर हलणारा उजेड. फ्रान्समध्ये पुढे सोन्याचा सोस वाढला, आणि एकोणिसाव्या शतकात देगा, पिसारो यांच्यासारखे चित्रकार त्याला कंटाळून आपल्या चित्रांना पांढऱ्या आणि रंगीत साध्या पट्ट्या लावू लागले. देगा तर आपल्या वह्यांत पट्ट्यांचे काप रेखाटून ठेवी. चित्रे विकणाऱ्या दलालांना मात्र सोनेरीच हवी असे. दुकानदार आणि चित्र यांच्यातली ही ओढाताण इतकी जुनी आहे.

आपल्याकडचे एक उदाहरण जवळचे आहे. १९४१ साली केकू गांधी यांनी मुंबईत केमोल्ड हा फ्रेमपट्ट्यांचा धंदा सुरू केला. मढवायला येणाऱ्या कामातून चित्रकारांशी ओळख झाली, आणि हुसेन, आरा, रझा यांच्यासारख्या तेव्हाच्या तरुण चित्रकारांची चित्रे त्यांच्या फ्रेमच्या दुकानात लोकांना पाहायला मिळू लागली. १९६३ साली जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीत गॅलरी केमोल्ड उघडली. आत काय आहे याकडे लक्ष देणारा फ्रेमवाला कुठवर जाऊ शकतो, ते यावरून दिसते.

आयत आणि तुघरा

आपल्या दुकानदारांकडे सर्वांत जास्त येणारे काम हे लिखाणाचे. आयतुल कुर्सी, चार कुल, तुघरा, दुआ. आणि नेमके याच कामात सर्वांत चुकीची पट्टी लागते, असे आम्हाला वाटते.

कारण असे की, खत्तातीच्या परंपरेत चौकट कागदावरच काढलेली असते. लिखाणाभोवती आखलेल्या बारीक रेषा म्हणजे जदवल, आणि तिच्या बाहेरचा रंगवलेला किंवा नक्षीचा पट्टा म्हणजे हाशिया. मोगल बादशहांच्या मुरक्क्यांची, म्हणजे चित्रे आणि लिखाण चिकटवून बांधलेल्या संग्रहांची पाने पाहिली तर मधल्या चार ओळींइतकीच मेहनत भोवतालच्या हाशियावर घेतलेली दिसते. सतराव्या शतकाच्या अखेरीस इस्तंबूलच्या हाफिज उस्मान यांनी हिल्या लिहिण्याची जी मांडणी रूढ केली, तिच्यातही वर्तुळ, कोपरे, वरची ओळ, खालची ओळ अशी सगळी बांधणी कागदावरच पूर्ण होते. अशा कामाला बाहेरून आणखी एक फुलापानांची जाड सोनेरी पट्टी लावणे म्हणजे शेरवानीवर दुसरी शेरवानी चढवणे आहे.

म्हणून ज्या लिखाणाला स्वतःची नक्षी आहे, त्याला सपाट किंवा अगदी हलक्या वळणाची पट्टी द्यावी. चेहरा पाऊण ते सव्वा इंच, रंग काळा, गडद तपकिरी किंवा मंद सोनेरी. आत बारीक सोनेरी रेघ असलेली काळी पट्टी अशा कामाला फार शोभते. याउलट, पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने लिहिलेली एकच ओळ असेल, भोवती काहीच नसेल, तर पट्टीला थोडे बोलू द्यायला हरकत नाही. तिथे दीड-दोन इंचांचा हलका गलता, किंवा मण्यांची एक ओळ असलेली पट्टी चालेल. हिरव्या मखमलीवर सोनेरी धाग्याचे किंवा धातूच्या अक्षरांचे काम असेल तर पट्टीचे सोने त्या सोन्याशी भांडते. दोन सोन्यांच्या छटा कधीच जुळत नाहीत, आणि हार नेहमी आतल्या सोन्याची होते. तिथे काळी किंवा लाकडाच्या रंगाची पट्टीच बरी.

तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पहिली, पट्टीचा ओठ चारही बाजूंनी पाव इंच झाकतो हे ध्यानात ठेवावे. नस्तालिकमध्ये अक्षरांचे गोल पोट खाली उतरते, सुलुसमध्ये अलिफ-लाम उंच जातात. कागदाला हाशिया कमी असेल तर तो ओठ अक्षरावर येतो. अशा वेळी माउंट मोठा करून चित्र त्याच्या मागे सोडावे. फ्रेमच्या मापात बसवण्यासाठी कागद कापणे हा अपराध समजावा. दुसरी, नक्षीची पट्टी जवळून पाहावी. परदेशी साच्यांवरून काढलेल्या काही पट्ट्यांत पंखवाली बाळे, सिंहांची तोंडे आणि चेहरे असतात. आयतीला अशी पट्टी लागल्याचे गिऱ्हाइकाच्या घरी कोणा वडीलधाऱ्याच्या लक्षात आले की फ्रेम परत येते, आणि ती का परत आली हे वाद घालण्यासारखे नसते. तिसरी, जरदोजीचे किंवा उठावाचे काम कधीही काचेला टेकू देऊ नये. त्यासाठी उंच पेटीसारखी पट्टी घेऊन काच आणि कापड यांच्यामध्ये चारही कडांना आतून पातळ पट्ट्या बसवाव्यात. छापील फोटोलाही हाच नियम. ओल्या हवेत फोटो काचेला चिकटतो आणि मग सोडवता येत नाही. माउंट हा केवळ शोभेसाठी नसतो, तो काचेला चित्रापासून दूर ठेवतो.

माउंटच्या रुंदीबद्दलही दोन शब्द. माउंट आणि पट्टीचा चेहरा एकाच रुंदीचे झाले की डोळ्याला सारखे पट्टे दिसतात, कामाला गावठीपणा येतो. माउंट पट्टीच्या निदान दीडपट तरी असावा. खालची बाजू वरच्यापेक्षा पाव-अर्धा इंच जास्त ठेवली तर चित्र घसरल्यासारखे वाटत नाही.

पट्टीचा हिशेब

आता नफ्याकडे येऊ. आमच्या पाहण्यात असे बरेच दुकानदार आहेत जे चित्राचा घेर मोजतात, त्याला पट्टीच्या फुटाच्या दराने गुणतात आणि वर काच-पाठीचे पैसे लावतात. बारीक पट्टीला हा हिशेब खपून जातो. रुंद पट्टीला तो दुकानदाराच्याच अंगावर येतो.

कारण प्रत्येक बाजू दोन्ही टोकांना ४५ अंशांत कापली जाते, आणि बाहेरची कड आतल्यापेक्षा लांब असते. पट्टी जितकी रुंद तितकी ती जास्त लांब. सूत्र सोपे आहे. आत बसणाऱ्या मालाचा घेर घ्या. चेहऱ्याच्या रुंदीतून ओठाची रुंदी वजा करा, उरलेल्याला ८ ने गुणा आणि ते घेरात मिळवा. आठ कापांत पाते जे खाते त्यासाठी वर आणखी एक इंच धरा.

समजा चित्र १२ × १८ इंचांचे आहे आणि चारही बाजूंना २ इंच माउंट आहे. म्हणजे माल १६ × २२ झाला, घेर ७६ इंच. ओठ पाव इंच. एक इंच चेहऱ्याची पट्टी लावली तर पाऊण गुणिले आठ म्हणजे ६ इंच वाढले. ७६ अधिक ६ अधिक पात्याचा १, एकूण ८३ इंच. आता तीन इंच चेहऱ्याची पट्टी घ्या. पावणेतीन गुणिले आठ म्हणजे २२ इंच. एकूण ९९. चित्र तेच, घेर तोच, पण पट्टी १६ इंच जास्त गेली.

एवढ्यावर भागत नाही. साडेनऊ फुटी पट्टी म्हणजे ११४ इंच. एक इंची पट्टीतून ८३ गेल्यावर ३१ उरतात, त्यात ४ × ६ च्या फोटोची लहान फ्रेम होते, कारण तिला २७ इंचच लागतात. तीन इंची पट्टीचे १५ इंच उरतात. तेवढ्यात काहीही होत नाही. ४ × ६ ची फ्रेमसुद्धा ४३ इंच मागते. ते तुकडे दुकानाच्या माळ्यावर जातात आणि तिथेच राहतात.

पैशांत पाहू. केवळ हिशेबासाठी एक इंची पट्टी ३० रुपये फूट आणि तीन इंची ९० रुपये फूट पडली असे धरा. घेर ७६ इंच, म्हणून दुकानदाराने साडेसहा फुटांचे पैसे लावले. बारीक पट्टीचे १९५ रुपये मिळाले, खर्च झाला सुमारे २०८. तेरा रुपयांची तूट, ती मजुरीत भरून निघते. रुंद पट्टीचे ५८५ मिळाले; पण उरलेला तुकडा निरुपयोगी असल्याने खर्च झाली ती अख्खी पट्टी, ८५५ रुपयांची. तूट २७० रुपये. वर चढवलेला नफा, मजुरी, दुकानाचे भाडे, सगळे यातूनच निघायचे आहे. आणि दुकानदार बंधूला वाटत होते की आज मोठे काम झाले.

याचा अर्थ रुंद पट्टी विकू नये असा नाही. तिची किंमत सूत्राने लावावी, आणि उरणारा तुकडा ज्या घाटाचा कामी येत नाही तो गिऱ्हाइकाच्या हिशेबात धरावा. दर सांगताना गिऱ्हाइकाला हे सूत्र कागदावर करून दाखवले तर वाद होत नाही. उलट पुष्कळ गिऱ्हाइके स्वतःहूनच बारीक पट्टीवर येतात, आणि फ्रेम चांगली होते.

वेल जुळवणे

नक्षीच्या पट्टीत आणखी एक खर्च दडलेला असतो. वेलीचा एक नमुना ठराविक इंचांनी पुन्हा येतो. कोपऱ्यात दोन बाजू मिळतात तिथे एका बाजूचे पान अर्धे आणि दुसऱ्या बाजूचे फूल पाऊण कापले गेले की सगळी फ्रेम घाईत केल्यासारखी दिसते. कोपरे जुळवायचे तर प्रत्येक बाजू टोकापासून मापून चालत नाही, वेलीच्या मध्यापासून दोन्हीकडे मापून कापावी लागते. आणि लांब बाजू व आखूड बाजू यांतला फरक वेलीच्या एका फेरीच्या पूर्ण पटीत यावा लागतो.

चित्राचे माप आपल्या हातात नसते, पण माउंटचे असते. मघाचीच १६ × २२ ची फ्रेम घ्या. फरक ६ इंच. पट्टीवरची वेल सव्वातीन इंचांनी पुन्हा येते असे धरा. दोन फेऱ्या म्हणजे साडेसहा. तेव्हा माउंटची खालची बाजू अर्धा इंच वाढवा. फ्रेम १६ × साडेबावीस झाली, फरक साडेसहा आला, चारही कोपरे जुळले. खालची बाजू जास्त ठेवायची तर होतीच. ही युक्ती ज्याला जमली त्याची फ्रेम लोक ओळखतात, जरी त्यांना ती का बरी दिसते हे सांगता आले नाही तरी. मात्र वेल एकाच दिशेने धावणारी असेल तर कोणत्याही मापाने कोपरा जुळत नाही. तशा पट्टीला कोपऱ्यावर वेगळे फूल बसवावे लागते. नाहीतर ती घेऊच नये.

खाच, वजन, हवा

घाट कितीही आवडला तरी खाच उथळ असेल तर तो उपयोगाचा नाही. काच २ मिलिमीटर, माउंट दीड, चित्र, आणि मागे ३ मिलिमीटरचा हार्डबोर्ड. हे सगळे मिळून ७ मिलिमीटरच्या आसपास जाते, आणि खिळे मारायला थोडी जागा हवी. म्हणजे खाच ९ मिलिमीटरच्या खाली नको. लाकडी चौकटीवर ताणलेल्या कॅनव्हासला याहून कितीतरी खोल खाच लागते. उथळ खाचेत तो बसवला की मागून बाहेर येतो आणि फ्रेम भिंतीपासून सुटून उभी राहते.

वजनाचा अंदाज असा. २ मिलिमीटर काच दर चौरस मीटरला ५ किलो भरते. २४ × ३६ इंचांच्या फ्रेमची काच पावणेतीन किलोच्या वर जाते, हार्डबोर्ड धरून सव्वाचार किलोच्या पुढे. हे सगळे चार कोपऱ्यांच्या सांध्यांवर असते. अर्धा इंच चेहऱ्याची पातळ प्लॅस्टिक पट्टी एवढ्या मालाला लावली तर खालची बाजू वाकते आणि कोपरा उघडतो. गिऱ्हाइकाला बारीकच पट्टी हवी असेल तर चेहरा अरुंद पण उंची जास्त असलेला घाट द्यावा, म्हणजे सांध्याला चिकटायला जागा मिळते. किंवा काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक सुचवावे. त्याचे वजन निम्म्याहूनही कमी असते.

पट्टी कशाची आहे त्यावरही घाटाची निवड बदलते. पॉलिस्टायरीनच्या साच्यातल्या पट्ट्या हलक्या, स्वस्त आणि ओलीला न घाबरणाऱ्या. त्यांना लाकडाचा गोंद धरत नाही, प्लॅस्टिकला चिकटणारा लागतो. पाते तापले की त्या वितळून कडा खराब होते. एमडीएफची पट्टी सरळ आणि एकसारखी असते, पण कापलेल्या तोंडातून ओल शिरली की फुगते. कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात हे लवकर दिसते. खऱ्या लाकडाची पट्टी रुंदीत हलते, लांबीत नाही. हवा कोरडी झाली की ती आकसते आणि सांधा आतल्या टोकाला उघडतो. दमट हवेत फुगते आणि बाहेरच्या टोकाला उघडतो. चेहरा रुंद तितकी फट मोठी. म्हणून दोन इंचांच्या वरची भरीव लाकडी पट्टी नीट मुरलेल्या लाकडाचीच घ्यावी. रत्नागिरीत बांधलेली फ्रेम औरंगाबादच्या उन्हाळ्यात जाणार असेल तर आधीच तसे सांगून ठेवावे.

घाटाची मागची बाजूही पाहावी. काही उलट्या उताराच्या पट्ट्यांची पाठ सपाट नसते. त्या करवतीच्या टेबलावर डगमगतात, कोन अर्ध्या अंशाने चुकतो, आणि चौथा कोपरा काही केल्या मिळत नाही. अशा पट्टीखाली तिच्या उताराला बसेल असा लाकडी ठोकळा ठेवून कापावे. व्ही आकाराची पिन मारताना ती पट्टीच्या जाड भागात मारावी. ओठाजवळ मारली तर पुढून फुटून बाहेर येते.

खूप कोरीव नक्षीचा एक तोटा दुकानात दिसत नाही, तो गिऱ्हाइकाच्या घरी दोन वर्षांनी दिसतो. खोल्या लहान, स्वयंपाकघर शेजारी, त्यामुळे फोडणीची वाफ आणि धूळ पानांच्या फटीत बसते आणि फडक्याने निघत नाही. स्वयंपाकघरालगतच्या भिंतीसाठी गुळगुळीत घाटच द्यावा.

माल भरताना आणि दाखवताना

शंभर घाट भिंतीवर टांगलेले दुकान भरलेले दिसते, पण त्यात पैसा अडकतो आणि गिऱ्हाईक गोंधळते. लहान दुकानाला बारा-पंधरा घाट पुरे, असे आमचे मत आहे. सपाट तीन-चार, वेगवेगळ्या रंगांत. गलत्याच्या दोन-तीन रुंदीच्या. एखादी उलट्या उताराची. एखादी उंच पेटीची. घाऊक कामासाठी अर्धगोल. नक्षीच्या दोनच, पण अशा की ज्यांचे कोपरे आपल्याला जुळवता येतात. बाकी घाटांचे नुसते नमुने ठेवावेत आणि मागणीप्रमाणे ठोक व्यापाऱ्याकडून आणावेत.

घाऊक माल घेताना पट्टी डोळ्यासमोर धरून लांबीत पाहावी, पीळ लगेच कळतो. एक टोक कापून पाहावे की सोनेरी थर सुटतो का. आणि एका फ्रेमच्या चारही बाजू एकाच लॉटच्या असाव्यात. दोन लॉटचे सोने दुकानातल्या दिव्याखाली सारखे वाटते, दिवसाच्या उजेडात वेगळे पडते.

गिऱ्हाइकाला सरळ पट्टी दाखवू नये. प्रत्येक घाटाचा दोन बाजू जोडलेला कोपरा करून ठेवावा आणि तो चित्राच्या कोपऱ्यावर धरून दाखवावा. तोही गल्ल्यावर आडवा ठेवून नव्हे, चित्र भिंतीला टेकवून उभे करावे, कारण उजेड वरून पडला की वळण वेगळेच दिसते. दोन पावले मागे जाऊन पाहायला सांगावे. एका वेळी तीनच कोपरे पुढे ठेवावेत. एक साधा, एक थोडा नक्षीचा, एक गिऱ्हाइकाने स्वतः बोट दाखवलेला. त्यातून त्याला जे आवडेल ते त्याचे, फक्त प्रत्येकाची खरी किंमत आधी सूत्राने काढलेली असावी.

फ्रेम बांधून झाली, मागे कागदी टेप लावून धूळ आणि किडे जाण्याची वाट बंद केली, की पाठीवर पेन्सिलने पट्टीचा नंबर, लॉट आणि तारीख लिहावी. आयतुल कुर्सी नेणारे गिऱ्हाईक पुष्कळदा वर्षभराने चार कुल घेऊन येते आणि म्हणते, "त्याच्याच जोडीची हवी."